एकतिसावी खुंटी

सुभेदारांना एका जागी उभं केलं की ते तिथून हलायचे नाहीत. हे मी कौतुकाने वाढवून सांगत नाही. एकदा पाटणच्या बाजारात मी त्यांना म्हणालो, "सुभेदार, इथं थांबा, मी पोस्टात जाऊन येतो." पोस्टात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी चहाला नेलं, गप्पा लांबल्या आणि चांगला दीड तास गेला. परत येऊन बघतो तर हा मनुष्य भर उन्हात, चार पावलांवर लिंबाची गार सावली असताना, जिथे सोडला होता तिथेच. मी ओशाळलो. म्हटलं, "अहो, सावलीत तरी जायचं!" तर म्हणाले, "तुमी हितं थांबा म्हनला हुता, मास्तर. तितं न्हाई म्हनला."

आणि याच माणसाने माझा घात केला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मी गोड गोड बोलत राहिलो. मला पुष्कळांनी फसवलं आहे. त्यांचं मला काही वाटत नाही, फसवणारीच माणसं होती ती. सुभेदारांचं मात्र अजून लागतं. इतकी वर्षं झाली, पण विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि घरचे म्हणतात, "पुरे आता." पुरे कसं? त्यांचं नाव मी सांगणार नाही. पाटण खोऱ्यात त्या नावाची माणसं आजही आहेत आणि त्यांना मान आहे, तो राहू द्या.

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकवत होतो आणि त्याच वेळी एम. एस्सी.च्या प्रबंधाचं काम करत होतो. सूर्यातून जसा उजेड येतो तशा रेडिओच्या लहरीही येतात, हे जगाला नुकतंच कळलं होतं. आमच्या सरांच्या डोक्यात आलं, आपणही त्या ऐकायच्या. सर मोठे हिकमती. लष्कराचं भंगार विकायला निघालं होतं, त्यातून त्यांनी रडारचं एक जुनं एरियल मिळवलं. लोखंडी चौकट, तीवर तांब्याच्या कांड्या ओळीने बसवलेल्या, आणि खाली एक गंजून घट्ट झालेलं चाक. सांगलीत गिरण्यांच्या आणि विजेच्या खरखरीत काही ऐकू येईना. म्हणून पाटणच्या वरच्या पठारावर ते न्यायचं ठरलं. तिथे विजेचा एक दिवा नव्हता. बैलगाडीतून, मग माणसांच्या खांद्यावरून ते धूड वर चढवलं, तेव्हा पुढे उभे राहून "दम धरा, दम धरा, आता उचला" असा हुकूम देणारे गृहस्थ म्हणजे सुभेदार. एकवीस वर्षं पलटणीत काढून ते गावी परतले होते, आणि लढाईत ब्रह्मदेशात अशाच एरियलवर त्यांनी काम केलं होतं. मी ते यंत्र पुस्तकात पाहिलं होतं. त्यांनी ते चिखलातून ओढलं होतं.

एरियल उभं राहिलं त्या दिवशी त्यांनी त्यापुढे नारळ फोडला. तांब्याच्या पहिल्या कांडीला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच शहाणा झालेला. मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं; मी रुमालाने ते कुंकू पुसून काढलं आणि म्हणालो, "सुभेदार, हा देव नाही, हा कान आहे. कानात कुंकू घातलं तर ऐकू कसं येणार?" बरोबरची पोरं फिदीफिदी हसली. सुभेदारही हसले. मला वाटलं, विनोद आवडला त्यांना.

आता आमचं काम काय होतं ते सांगतो. अवघड नाही. आपल्याला समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं, बाजूचं कमी आणि पाठीमागचं त्याहून कमी. एरियलचंही तसंच असतं. मात्र त्याला कोणत्या दिशेचं किती ऐकू येतं हे नेमकं मोजून घ्यावं लागतं. नाहीतर बाजूने आलेला आवाज तुम्ही सूर्याच्या नावावर लिहून मोकळे होता. खरं म्हणजे हे मोजायला एरियल गोल फिरवतात. आमचं चाक गंजलेलं, ते फिरेना. सर म्हणाले, "एरियल फिरत नसेल तर आवाज फिरवा." म्हणून एरियल मध्यभागी धरून हजार फुटांवर अर्धवर्तुळ आखायचं, त्यावर दर दोन अंशांना एक लाकडी खुंटी ठोकायची, अशा एक्याण्णव खुंट्या. एका माणसाने छोटा ट्रान्समीटर बांबूला बांधून प्रत्येक खुंटीवर उभं राहायचं आणि निशाण दाखवायचं. दुसऱ्याने एरियलपाशी बसून मीटरचा काटा वाचायचा. बसणारा मी, चालणारे सुभेदार. ट्रान्समीटरला ते "डबा" म्हणत.

या आकड्यांवरून गोल कागदावर नकाशा काढला की फुलाच्या पाकळ्यांसारखा आकार निघतो. समोरची पाकळी मोठी, बाजूच्या लहान. सुभेदार त्यांना पानं म्हणायचे. संध्याकाळी कागद मांडून बसलो की विचारायचे, "मोटं पान आलं का? आनि ही बारकी कशापायी?" मी सांगायचो, बारकी पानं प्रत्येक एरियलला असतातच. "आसू द्यात," ते म्हणायचे, "मानसाला बी आसत्यात. तोंड हिकडं, आनि कान भलतीकडं." आणि स्वतःच खुशीत येऊन हसायचे.

आकड्यांच्या बाबतीत ते फार कडक होते. काटा सात आणि आठच्या मध्ये थरथरत असला की मी साडेसात लिहून मोकळा व्हायचो. हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "काटा काय म्हनतोय त्ये लिवा. तुमचं मत नगं." मग त्यांनी ब्रह्मदेशातली हकिकत सांगितली. एका कारकुनाने घाईत एक आकडा चुकीचा लिहिला, तोफेने त्या आकड्यावर गोळा टाकला, आणि तो पडला आपल्याच खेचरांच्या तळावर. "सात मानसं हुती. त्यातला येक आमच्या मोरगिरीकडचा. आकडा खोटा लिवला की कोन तरी मरतंय, मास्तर. लगीच न्हाई दिसत, पर मरतंय." तेव्हापासून मी प्रत्येक खुंटीवर तीन तीन वेळा काटा वाचायला लागलो. आजही बाजारात मी तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत भाजीवालीला पिशवीत हात घालू देत नाही, आणि ती माझ्यावर वैतागते.

त्यांच्या घरची माणसं मला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ठेचा वर पाठवायची. सुभेदार स्वतः उभ्यानेच जेवायचे. मला मात्र बसवून, पानावर वाढून, "आवं, येवढीच? शेरातली भूक लय बारीक बगा," म्हणत आणखी एक भाकरी टाकायचे. एकदा माझ्या पायात काटा मोडला तर या मनुष्याने माझा पाय मांडीवर घेऊन बाभळीच्याच काट्याने तो काढला, आणि तोंडाने मला शिव्या घालत राहिला की वहाणा घालून रानात फिरायचं कळत नाही का. माझ्या वडिलांनी माझा पाय कधी हातात घेतला नव्हता. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर माझा राग कशाचा आहे ते कळायचं नाही.

खुंट्या ठोकायला आम्ही पूर्वेकडून सुरुवात केली होती. मोजणीची साखळी धरून, होकायंत्र लावून, अठ्ठावीस खुंट्या दोघांनी मिळून ठोकल्या. तेवढ्यात मीटरचा एक वॉल्व्ह गेला आणि तो आणायला मला सांगलीला जावं लागलं. चार दिवसांनी आलो तर सुभेदारांनी उरलेल्या सगळ्या खुंट्या ठोकून, प्रत्येकीवर डांबराने आकडा घालून ठेवला होता. मी दहा-बारा ठिकाणी साखळी लावून पाहिली. बोटभरही फरक नव्हता. पुढचं चालून बघावं असं मला वाटलंच नाही. ज्या माणसाला "इथं थांबा" म्हटलं की तो उन्हात करपतो, त्याच्या खुंट्या तपासायच्या? मला स्वतःचीच लाज वाटली असती.

मोजणी सुरू झाली. तीस, एकतीस आणि बत्तीस या खुंट्या कारवीच्या उंच रानात होत्या. तिथे सुभेदार दिसायचे नाहीत, फक्त वर निशाण दिसायचं. आणि त्याच तीन खुंट्यांवर काटा वर चढला. जिथे तो पाचाच्या आसपास असायला हवा होता तिथे तो तेरावर गेला. मी पुन्हा वाचलं, तेरा. दुसऱ्या दिवशी सगळं अर्धवर्तुळ पुन्हा केलं, पुन्हा तेरा. तिसऱ्या दिवशीही तेरा, एका काडीचा फरक नाही. पुस्तकाप्रमाणे तिथे एवढं मोठं पान असायला नको होतं. पण तीन दिवसांचे आकडे असे जुळल्यावर शंका कशाची घ्यायची? म्हटलं, आपल्याला काहीतरी नवीन सापडलं!

मी वेडा झालो. ते पान का आलं असावं याचा विचार करत तीन महिने घालवले. लोखंडी चौकटीच्या एका कडेवरून लहरी परततात म्हणून तसं होतं, असा सिद्धांत मांडला, चाळीस पानं गणित केलं, आणि गणितातून उत्तर बरोबर तेराच्या जवळ आलं! (आपल्याला हवं ते उत्तर गणितातून काढता येतं, हे मला पुढे कळलं.) सर खूष झाले. विलायतेतल्या एका वेधशाळेत शिकायला जाण्यासाठी एक शिष्यवृत्ती होती, तिच्यासाठी त्यांनी माझं नाव पाठवलं. घरी आईने शेजारणींना सांगून टाकलं. मी पाटणला जाऊन सुभेदारांना सांगितलं, "तुमच्या पायांनी मी विलायतेला चाललो." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर मात्र माझ्याकडे न बघता बैलांना वैरण टाकायला निघून गेले. मला वाटलं, वियोगाचं दुःख झालं असेल. काय मूर्ख असतो माणूस.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी पुण्याहून एका डॉक्टरांना काम बघायला पाठवलं. हे डॉक्टर म्हणजे शास्त्रज्ञ, रोगी तपासणारे नव्हेत. बुटके, कमी बोलणारे, डोक्यावर टोपी. सकाळी ते पठारावर आले, माझे कागद पाहिले, मान हलवली आणि मला विचारलं, "हे अर्धवर्तुळ तुम्ही स्वतः चालून पाहिलंत?"

"सुभेदारांनी पाहिलं आहे," मी म्हणालो.

"मी तुम्हाला विचारलं," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःची साखळी आणि स्वतःचं होकायंत्र काढलं, आमच्या खुंट्यांकडे लक्षच दिलं नाही, आणि डबा बांधलेला बांबू खांद्यावर घेऊन स्वतः निघाले. सुभेदार पुढे झाले, "सायब, मी नेतो," तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इथंच राहा." सुभेदार माझ्याशेजारी उभे राहिले. मी काट्यापाशी, सर माझ्यामागे. अठ्ठावीस, एकोणतीस, आकडे माझ्या कागदाप्रमाणेच येत होते. मग तिसाव्या जागेवर निशाण दिसलं आणि काटा पाचावर थांबला. एकतिसाव्यावर पाच. बत्तिसाव्यावरही पाच. मी मीटरवर टिचक्या मारल्या, तारा दाबून पाहिल्या. शेजारी बघितलं तर सुभेदारांचा चेहरा उतरलेला आणि ते दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर हलक्या चापट्या मारत होते. देवापुढे आपलं काही चुकलं की आपण मारतो तशा. ही काय वेळ आहे देवाची आठवण काढायची, असं माझ्या मनात आलं.

डॉक्टर परत आले. "एकतिसाव्या जागेवर खुंटीच नाही," ते म्हणाले. "आजूबाजूच्या दोनही नाहीत. तिथे देवीचा दगड आहे. तिच्या समोर मी उभा होतो." मग सुभेदारांकडे वळले. "मोजणीच्या वेळी तुम्ही याच जागेवर उभे होतात का?"

सुभेदार ताठ झाले. टाचा जुळल्या, नजर समोर.

"व्हय सायब. जाग्यावरच."

"मग खुंट्या कुठे गेल्या?"

"गुरं उपटत्यात सायब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "खुंटी नाही, पान नाही, पण गणिताशी जुळणारा तेराचा आकडा मात्र तीन दिवस आहे. आधी आकडा आला की आधी गणित?" मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुणीही माझ्या बाजूने एक शब्द बोललं नाही. चोवीस वर्षांच्या मुलाला खोटा ठरवायला आणखी काय लागतं?

शिष्यवृत्ती गेली हे सांगायला नकोच. प्रबंध परत आला. कॉलेजात मी वर्गात शिरलो की मागच्या बाकांवरून कुणीतरी बारीक आवाजात "तेरा" म्हणायचं. आईने शेजारणींकडे जाणं सोडलं.

पंधरा दिवसांनी सामान आवरायला मी पठारावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ते अर्धवर्तुळ चाललो. एकोणतीस खुंट्यांनंतर वाघजाईचं ठाणं लागलं. शेंदूर लावलेला दगड, तोंड पूर्वेला, आणि तिच्या पुढ्यात मोकळी जागा. आमच्या तीन खुंट्या नेमक्या त्या जागेत यायला हव्या होत्या. त्या भागात देवीच्या नजरेसमोर कुणी उभं राहत नाही, तिच्या पुढ्यातल्या भुईत काही ठोकत नाही. दर्शन घ्यायचं तेही बाजूने. मी ठाण्यामागे वळलो, कारवीत शिरलो. दीडशे पावलांवर, एरियलच्या बाजूला, तीन खुंट्या एका रांगेत होत्या. तीस, एकतीस, बत्तीस. डांबराचे आकडे सुबक, खुंट्यांभोवती गवत पायांनी मोडलेलं. डबा तेवढा एरियलजवळ आला होता, म्हणून काटा तेवढा चढत होता. आणि तिन्ही दिवस हा माणूस आपल्या पलटणी शिस्तीने त्याच त्याच चुकीच्या जागेवर इंचभरही न हलता उभा होता, म्हणून माझे आकडे जुळत होते! मी तिथेच खाली बसलो. मला रडू आलं, आणि रडत रडत मी त्यांना अशा शिव्या घातल्या की वाघजाईने कान झाकले असतील.

तसाच त्यांच्या घरी गेलो. ते गोठ्यापाशी उभे होते. माझ्या हातातली खुंटी पाहून त्यांना सगळं कळलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी हसला आसता," ते म्हणाले. "कुक्कू पुसलं तवा हसला हुता."

"हसलो असतो. हसून दुसरी जागा काढली असती! आणि मी विलायतेला चाललोय म्हणून सांगायला आलो, तेव्हा?"

"तवा तर लय उशीर झालाता, गड्या." मला त्यांनी गड्या म्हटलं ते त्या एकदाच.

"आणि डॉक्टरांसमोर? एक शब्द बोलला असतात तर माझी चूक ठरली असती. आता मी खोटा ठरलोय. चूक आणि खोटं यातला फरक तुम्ही मला शिकवलात सुभेदार, तुम्ही!"

ते बैलाकडे वळले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "त्या सायबाला काय सांगू? जागा सोडली म्हनू? येकवीस वर्सं झाली, गोळ्या आल्या, मानसं पळाली, म्या जागा सोडली न्हाई. आनि सायबाम्होरं म्हनू, दिलेली जागा म्या सोडली? तोंडातनं निगालंच न्हाई, मास्तर. निगालंच न्हाई."

"मग माझं नाव गेलं तरी चालेल."

मी खुंटी त्यांच्या पायांपाशी टाकली आणि निघालो.

महिन्याभराने ते सांगलीला माझ्या खोलीवर आले. अंगात पलटणीचा कोट, छातीवर बिल्ले, पायात चकाकणारे बूट. दारातच म्हणाले, "चला, पुन्याला जाऊ. म्या सांगतो सायबाला."

"यादी लागली सुभेदार. दुसऱ्याचं नाव लागलं. आता सांगून उपयोग नाही."

"यादीचं ऱ्हाऊ द्या. तुमचं नाव खोट्यात पडलंय, त्ये काडू."

मी काय बोललो ते मला शब्द न शब्द आठवतं. मी म्हणालो, "तुमच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? मी तर नाही ठेवत." आणि दार लावलं. दार लावल्यावर मला वाटलं, हा मनुष्य बाहेर उभा राहील. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

ते एकटेच पुण्याला गेले. हे मला डॉक्टरांच्या पत्रावरून कळलं. पत्र चार ओळींचं होतं. तुमचे आकडे खरे होते, माणूस चुकीच्या जागी उभा होता, हे त्याने स्वतः येऊन सांगितले, मी गावी नसल्याने तो दोन दिवस माझ्या कचेरीच्या ओट्यावर थांबला होता. त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल दिलगीर आहे. एवढंच. मी ते सरांना दाखवलं. "वा, बरं झालं," म्हणून त्यांनी ते परत दिलं. पुढच्या वर्षी ती चाळीस पानं गाळून प्रबंध मंजूर झाला. "तेरा" म्हणणारी मुलं पास होऊन गेली आणि मी एका हायस्कुलात मास्तर झालो.

डॉक्टरांच्या पत्रानंतर काही दिवसांनी सुभेदारांचं कार्ड आलं. "सा. न. वि. वि. साहेबांनी आपणास पत्र धाडतो म्हणून सांगितले आहे. मिळाले का ते कळविणे." मी कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवलं. पत्र आलं, तुम्ही खरं बोललात, माझं नाव धुतलं गेलं, एवढं लिहायला किती वेळ लागतो? पण मला वाटलं, राहू दे जरा ताटकळत. मी महिनाभर जळलो, याने थोडं जळावं. दुसरं कार्ड आलं, त्यात तोच मजकूर. नंतर तिसरं आलं. "दोन अक्षरे कळवा. हो की नाही." तोवर माझा राग थोडा ओसरला होता, पण आता इतक्या उशिरा काय तोंडाने लिहायचं, ही लाज आडवी आली. लिहू, उद्या लिहू, दिवाळीला स्वतःच जाऊन भेटू, असं करत राहिलो. चौथं कार्ड आलं नाही. त्या माणसाने मला दगा दिला तो एका सकाळचा होता. मी त्याला देत होतो तो रोजचा होता, आणि तो देताना मला भाकरी गोड लागत होती.

काही वर्षांनी, जून महिन्यात, शाळेत प्रवेश घ्यायला एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. गाव पाटणकडचं, आडनाव ओळखीचं. मी विचारलं तेव्हा कळलं की ते सुभेदारांचे पुतणे. सुभेदार वारून तीन वर्षं झाली होती. "आमचं चुलतं शेवटाला लय वाट बगायचं पोस्टाची," ते म्हणाले. "टपालवाला आला की बांदापतुर जायचं आनि इचारायचं, सांगलीचं हाय का? कुनाचं पत्र, कसलं पत्र, कवा सांगितलं न्हाई. आमाला वाटलं, वय झालं, भ्रम झाला."

"भ्रम नव्हता," मी म्हणालो. "पुण्याचं एक पत्र मला आलं का, याच्या उत्तराची वाट बघत होते ते. मला आलं होतं."

"कवा?" त्यांनी विचारलं.

तारीख मला पाठ होती, आजही आहे. मी मुलाच्या प्रवेशाचा कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "आता नेमकं आठवत नाही."